सातवं पोर

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची. मी वाढले दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत. वडिलांची शिफ्ट ड्युटी. ते दिवसा झोपले की आम्ही पोरांनी गप बसायचं. बसणं म्हणजे शिक्षा, हे तेव्हाच डोक्यात शिरलं असणार. पुढे नोकरीही तशीच धरली, एका धर्मादाय फाउंडेशनची प्रोग्राम डायरेक्टर. सकाळी जळगाव, दुपारी शिंदखेडा, संध्याकाळी नरडाण्याच्या एमआयडीसीत एखाद्या साहेबाची भेट. गाडीत हात रिकामे राहवत नाहीत म्हणून मी विणते. ड्रायव्हरभाऊ दर उन्हाळ्यात विचारतात, "मॅडम, या खान्देशात स्वेटर घालून कोणाला शिजवायचंय?"

चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात आमचं पाळणाघर होतं. अंगणवाडी तीन वर्षांपुढच्या पोरांना घेते. त्याहून लहान पोर असलं आणि आई कापूस वेचायला गेली की घरातली मोठी बहीण शाळा सोडून त्याला सांभाळत बसते. ते थांबावं म्हणून पाळणाघर. चालवायच्या गावातल्याच एक अक्का आणि त्यांच्या हाताखाली एक बाई. कल्पना माझी. उद्‌घाटनाला मी भाषण ठोकलं होतं, टाळ्याही घेतल्या होत्या.

मग विश्वस्तांनी ठरवलं, आता कौशल्य प्रशिक्षण. पाळणाघर बंद. मीटिंगमध्ये मी एक शब्द बोलले नाही. उलट स्लाइड मीच बनवली: 'केंद्र यापुढे गावकरी स्वतः चालवतील.' कोण गावकरी? कधी विचारलं होतं मी त्यांना? स्वतःचा इतका राग आला की त्या रात्री अर्धा विणलेला स्वेटर उसवून टाकला.

सांगायला गेले तेव्हा पोरं झोपलेली होती. मी आधी खिडकीची जाळी बघितली, मग पाण्याचा माठ, मग उगाच हजेरीचं रजिस्टर चाळलं.

"बठा ना, ताई," अक्का म्हणाल्या. "बंदच करनं शे ना? माले समजी गयं."

"कोणी सांगितलं?"

"दर खेपले फोटोवाला लयतात तुम्ही. आज नही लयना."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरंच, फोटोवाल्याला मीच नको म्हटलं होतं. बंद होणाऱ्या जागेचा फोटो अहवालात कुठे लावणार? अक्कांनी चहा टाकला होता. मी मात्र घड्याळ बघितलं, पुढची भेट आहे म्हटलं आणि निघाले.

त्यानंतर जीव थाऱ्यावर राहिला नाही. प्रशिक्षणाची उद्‌घाटनं झाली, फिती कापल्या, शाली झाल्या. विणायला घेतलं की टाके सुटायचे. शेवटी एका मंगळवारी रजा टाकली आणि कुणाला न सांगता एसटीने गेले.

आमच्या खोलीला कुलूप होतं. अक्का त्यांच्या ओट्यावर सापडल्या. भोवती सहा पोरं, छपराला साडीची झोळी. हाताखालची बाई मजुरीला गेलेली. मला बघून म्हणाल्या, "या ताई. आज आखो काय बंद कराले उनात?"

मी हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. "आणखी काही नाही हो अक्का. नुसती आलेय."

पायरीवर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन बसली होती. अंगात शाळेचा गणवेश, शेजारी दप्तर. अक्कांनी सांगितलं, ही रोज तयार होऊन येते. एखादं पोर आलं नाही तर तिच्या भावाला जागा होते. एकटीच्या हाताने सहाच्या वर होत नाहीत, त्यातलं एक पोर आजारी, सारखं कडेवर लागतं. म्हणून सातव्याला 'नही' म्हणावं लागतं, आणि मुलगी इथेच बसून राहते. शाळेची घंटा इथवर ऐकू येते.

माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना. काय करू, काय करू म्हणत मी पर्समध्ये फोन शोधायला लागले. कोणाला करणार होते देव जाणे! तेवढ्यात अक्का उठल्या, मला ओट्यावर बसवलं, मुलीच्या कडेवरचं पोर उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"धरा. मोकयाच शेत ना हात?" मोकळेच होते. मग मुलीकडे वळून, "जाय वं पोरी शाळामा."

मुलीला खरंच वाटेना. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा भावाकडे. मग दप्तर उचलून जी पळाली! पोराने आधी भोकाड पसरलं, मग दमलं आणि माझा पदर मुठीत धरून झोपलं. पर्समध्ये फोन वाजून वाजून थांबला. पायाला मुंग्या आल्या, तरी मी हलले नाही. दिवसभर मी एका जागी बसले होते, आयुष्यात पहिल्यांदा.

शाळा सुटल्यावर मुलगी धापा टाकत आली. भावाला कडेवर घेतलं आणि चार पावलं जाऊन वळली.

"बाई, सकाय बी येशात ना?"

उद्या? मी एकाच दिवसाची रजा टाकली होती.