प्रार्थनेतली थांबायची जागा

नातीच्या शाळेत पालकसभा होती. साथ पुन्हा आली तर वर्गांच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या का, एवढाच प्रश्न होता. पण त्यासाठी व्यासपीठ, हार आणि अध्यक्ष लागले.

"साथ गेली, आता तिचं किती कौतुक करायचं?" अध्यक्ष म्हणाले. "खिडक्या उघडल्या की धूळ येते."

"धुळीनं शाळा बंद पडली नव्हती, सर," मागून एक आई म्हणाली.

माझं लक्ष गाण्याच्या बाईंकडे होतं. साथीच्या आजारातून उठल्यापासून त्यांचा दम पुरत नाही. पूर्वी प्रार्थनेची अख्खी ओळ त्या एका श्वासात म्हणत. आता मध्येच थांबतात, श्वास घेतात आणि पुढे जातात. नंतर शाळेत आलेली मुलं प्रार्थना तशीच शिकली. नात घरी आंघोळ करतानाही त्याच जागी थांबते. "इथं का गं थांबतेस?" असं विचारलं तर म्हणाली, "आजोबा, इथं थांबायचंच असतं." साथ गेली म्हणतात, ती कुठे जाऊन बसली, हे मला तेव्हा कळलं.

खिडक्यांचा विषय समितीकडे गेला. तिथे गेलेल्या विषयालाही दम लागतो. शेवटी मुलांनी प्रार्थना सुरू केली. अध्यक्षांनीही खणखणीत सूर लावला. त्या जागी सगळी मुलं थांबली आणि अध्यक्ष एकटेच पुढे गेले. मग ओशाळून तेही थांबले. त्या शांततेत बाईंचा श्वास सभागृहभर ऐकू आला.

मघाची आई उठली आणि ठरावाची वाट न पाहता तिनं बाईंच्या मागची खिडकी उघडली. थोडी धूळ आली खरी. वाऱ्याबरोबर तेवढी येणारच.