ऑस्लोतला फोन

हे मी आजवर कुणाशी बोललेलो नाही. बायकोशी तर नाहीच — खरं म्हणजे तिच्याशीच बोलायला हवं होतं, आणि तिथंच मूग गिळून बसलो. तुम्ही परके, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखीच्या माणसापाशी बोललो असतो तर दिवेलागणीपर्यंत सगळ्या संगमनेरला कळलं असतं.

मी भूगोलाचा मास्तर. उभा जन्म फळ्यावर नकाशे काढले. स्वीडन-नॉर्वेचा किनारा तर खडू न उचलता काढायचो, पोरं आ वासून बघायची. आणि स्वतः पाहिलेला समुद्र कुठला? सहलीला नेलेला अलिबागचा. रिटायर झालो तेव्हा ठरवलं, आता ते एकदा डोळ्यांनी बघायचंच. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळं विचारायचं कुणाला? निर्मलाला, म्हणजे माझ्या बायकोला, फारशी हौस नव्हती. ती काष्टीची, शेतकऱ्याची लेक. एवढं लांब जाऊन शेवटी पाणीच बघायचं ना, असं तिचं म्हणणं. पण आली. माझ्यासाठी आली.

कोपनहेगनला आमच्या टूरच्या बोटीत बसायच्या आधी ती जगप्रसिद्ध जलपरी बघितली. एवढीशी मूर्ती, आणि भोवती ही गर्दी! निर्मला दिवसभर त्यावरून मला चिडवत होती. परदेशात चालणारं सिमकार्ड आम्ही एकच घेतलं होतं, माझ्या फोनात. तिचा फोन घरी कपाटात ठेवून आलेलो. पुढचं सगळं त्यामुळंच जमलं — जमलं म्हणतोय मी, बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट ऑस्लोला लागली. निर्मला चहाचा कप घेऊन वर डेकवर गेली होती आणि मी खोलीत बूट घालत होतो. फोन वाजला. संपत होता, तिचा धाकटा भाऊ. माझी सासू, म्हणजे जिजी, पहाटे गेली होती. आजारबिजार काही नाही, झोपेतच.

"दाजी, ताई येतीया का?" तो म्हणाला. "येत आसंल तर नगरहून बर्फाची पेटी आनतो. दोन दिस ठिवू आईला. ताईच्या हातचं पानी पडू द्या तोंडात."

आमच्याकडं माती करायच्या आधी लेकीनं आईच्या तोंडात पाणी घालायचं असतं. लेक लांब असली तर गाव थांबतं, कुणी कुरकुर करत नाही. मी त्याला म्हणालो, थोड्या वेळानं कळवतो. मग टूरबरोबर आलेल्या मुलीला गाठलं आणि सहज विचारावं तसं विचारलं — कुणाला मधूनच परत जायचं झालं तर? ती म्हणाली, काही अडचण नाही काका, दुपारच्या विमानात बसवून देता येतं, उद्या घरी. म्हणजे जाता येत होतं. ते मला माहीत होतं. आता तुम्हालाही माहीत आहे.

मग मी काय केलं? खोलीत जाऊन दार लावून घेतलं. अजून स्टॉकहोम राहिलं होतं. हेलसिंकी राहिलं होतं. पुन्हा कधी येणार होतो मी? जिजी तर गेलीच होती, ती काही कुठं जाणार नव्हती — हो, असा विचार केला मी, ह्याच शब्दांत. संपतला फोन लावला आणि म्हणालो, "ती म्हणते, थांबू नका. उरकून घ्या."

तो म्हणाला, ताईकडं द्या की फोन. मी म्हटलं, ती बोलायच्या अवस्थेत नाही रे, फार रडतीय. त्या वेळी ती डेकवर एका पंजाबी बाईबरोबर हसत उभी होती. मला खिडकीतून आवाज येत होता.

ऑस्लो पाहिलं. स्टॉकहोमला समुद्राच्या तळातून वर काढलेलं एक जुनं लाकडी जहाज पाहिलं. मन लागलं नाही वगैरे म्हटलं तर तुम्हाला मी जरा बरा वाटेन. पण खोटं कशाला बोलू — मन लागलं. मला मजा आली.

हेलसिंकीला बंदरावरच बाजार भरतो. तिथं बायका वाटाण्याच्या कोवळ्या शेंगांचे ढीग लावून बसल्या होत्या आणि शेंगा मापानं देत होत्या, आपल्याकडं पूर्वी मापट्यानं दाणे द्यायचे तशा. निर्मला हरखलीच. सगळ्या सफरीत तिला मनापासून आवडलेली ही पहिली गोष्ट. उभ्या उभ्या शेंगा सोलून खायला लागली आणि मला म्हणाली, "फोटो काढा माझा. जिजीला दाखवायचाय."

मी काढला.

पण माझा शहाणपणा तेवढ्यावर थांबला असता तर! जुन्या विद्यार्थ्यांना दिसावं, सर कुठं पोचलेत ते कळावं, म्हणून मी रोज व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवत होतो. तो फोटोही ठेवला. स्टेटस संपतलाही दिसतो, हे डोक्यातच आलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. काष्टीत जिजीची राख सावडून माणसं घरी आली, आणि भावकीनं बघितलं काय? लेक गालभर हसतीय आणि शेंगा खातीय.

निर्मलाला मी सफर संपल्यावर, परतताना विमानतळावर सांगितलं. म्हणालो, आत्ताच कळलं. त्यांनी माती उरकली, थांबले नाहीत. ती तिथंच खाली फरशीवर बसली. सारखं एकच म्हणत होती, संपत माझ्यासाठी थांबला कसा नाही? मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो.

दहाव्याला काष्टीला गेलो. गाडीत मी तिला बजावलं, संपत खचलाय, त्याला काही विचारू नकोस. घाटावर बायकांनी तिच्याकडं पाठ फिरवली. संपत एवढंच म्हणाला, "झालं का फिरून, ताई?" तिला वाटलं, वर हा मलाच टोमणा मारतोय. तिनं उत्तर दिलं नाही. त्यालाही तेच पाहिजे होतं बहुतेक — तिच्या गप्प बसण्यात त्याला कबुली दिसली. त्या दिवाळीला भाऊबिजेचं बोलावणं आलं नाही, आणि आलं असतं तरी ती गेली नसती. दोघंही एकाच आईची, मोडतील पण वाकणार नाहीत. आणि मधे मी. रोज तिच्या हातचं जेवणारा.

मागच्या हिवाळ्यात संपत गेला. हार्ट अटॅक. सकाळी त्याच्या मुलाचा फोन आला, या वेळी निर्मलाच्याच फोनवर. आत्या, निघताय ना, म्हणून विचारत होता. ती नाही म्हणाली आणि फोन ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्यानं मला आईचं तोंड बघू दिलं नाही. मी का बघू त्याचं?"

मी समोरच्या खुर्चीतच होतो. गाडी दारात उभी. एक वाक्य बोललो असतो तर ती चपला घालून माझ्याआधी गाडीत बसली असती, आणि दुपारपर्यंत आम्ही काष्टीला पोचलो असतो. ऑस्लोत निदान बघायचं काहीतरी राहिलं होतं. इथं काय राहिलं होतं? तिनं माझ्याकडं कसं बघितलं असतं, एवढंच. मी गप्प बसलो.

नंतर श्रीगोंद्याच्या एका पाहुण्याकडून कळलं, ती नाही म्हणाली तरी संपतच्या बायकोनं दिवस कलेपर्यंत माती होऊ दिली नव्हती. ताई येतीलच, म्हणत होती.

हेही मी निर्मलाला सांगितलेलं नाही.