चाचांचं बेट

इथं आखातात, दोह्यात, बाहेर डोकं भाजून निघत असताना ऑफिसात शिरल्या शिरल्या जो माणूस "आज तिकडं धुकं हाय" असं जाहीर करायचा, ते आमचे बेटवाले चाचा. तिकडं म्हणजे दूरच्या थंड समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावर. आमच्या बोटींच्या कंपनीचे शेअर तिथल्या शेअरबाजारात होते आणि कंपनीची बरीवाईट बातमी त्या बाजाराला कळवणं ही चाचांची नोकरी. बेट त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पण तिथली हवा, भरती-ओहोटी, बाजाराच्या ऑफिसातल्या बाईंच्या मांजराचं दुखणं, सगळं त्यांना तोंडपाठ.

चाचा रत्नागिरीकडच्या एका बंदरातले. त्यांचे वडील मासळीचा लिलाव पुकारायचे आणि पाटीतली तळाची मासळी वर काढून दाखवल्याशिवाय बोली लावू देत नसत. तो बाजार आणि हा बाजार यांत चाचांना काडीचाही फरक दिसत नसे. मी त्यांच्या हाताखाली; बातमीचा मसुदा नेला, की चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "बाय, पाटी उलटी कर. तळाचं म्हावरं दाव." मी शहाणी, वाईट गोष्ट नेहमी शेवटच्या ओळीत दडवायची. चाचा ती उचलून पहिल्या ओळीत ठेवायचे. साताऱ्याहून आलेल्या एम.कॉम. बाईला मासे शिकवतात म्हणजे काय! मला भारी राग यायचा.

एका गुरुवारी आमच्या सर्वांत मोठ्या बोटीचं इंजिन बसलं. बोट वर्षभर तरी उठणार नव्हती. अशी बातमी लगेच कळवायचा नियम. मॅनेजर म्हणाले, "खलास. संडे को देखेंगे." आमची सुट्टी शुक्रवार-शनिवार, बेटाची शनिवार-रविवार. म्हणजे शुक्रवारी तिथं बाजार भरणार आणि कुणीतरी काहीच न कळता आमचे शेअर घेऊन बसणार.

"वहाँ खरीदता कौन है? चार लोग!" मॅनेजर हसले.

"चार हैं ना, साब?" चाचा म्हणाले.

शुक्रवारी नमाज आटोपून चाचा थेट अल थुमामाला आमच्या दारात. "चल बाय. तिकडं आताशी साडेदहा वाजलेत. बाजार चालू हाय." माझा व्हिसा कंपनीचा, त्यात नवऱ्याची नोकरी नुकतीच सुटलेली. तरी गेले. मसुदा केला आणि इंजिन आपणहून पहिल्या ओळीत घातलं. चाचांनी तो मोठ्यानं वाचला, खाली घातलेल्या आमच्या दोघांच्या नावांतलं माझं खोडलं. "दोन नावं कशाला? एकानं सांगितलं तरी इंजिन बंदच हाय." आणि पाठवून दिला.

रविवारी मॅनेजरांच्या केबिनमधला आरडाओरडा सगळ्यांनी ऐकला. मी मूग गिळून बसले होते. त्याची मला आजही लाज वाटते. बाहेर येऊन चाचा एवढंच म्हणाले, "घरी जा म्हणतायत. इन्शाल्ला, म्हावरं तरी ताजं मिळंल." महिनाभरात ते गावी गेले.

त्यांच्या खुर्चीवर आता मी बसते. परवा आमचं एक मोठं कंत्राट हातचं गेलं, तेही गुरुवारीच, आणि नवे मॅनेजरही "संडे" म्हणाले. शुक्रवारी मी एकटीच ऑफिसात गेले. कंत्राट गेल्याचं पहिल्या ओळीत लिहिलं, खाली माझं पूर्ण नाव घातलं आणि पाठवलं. रविवारी माझं काय होणार, ठाऊक नव्हतं. मग चाचांना फोन लावून सगळं सांगितलं.

शाबासकी नाही, काही नाही. एवढंच म्हणाले, "बरं. तिकडं धुकं हाय काय?"

"नाही चाचा," मी म्हणाले, "आज लख्ख ऊन आहे."