थोरल्यांनी कापलेली भिंत

थोरले भिंतीला हात लावायचे तो नेहमी उलटा. आई तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावते तसा. चर्च नवं असो की जुनं, आत शिरले की आधी मागच्या कोपऱ्यात जायचे, हाताची मागची बाजू भिंतीला टेकवायचे आणि मिनिटभर गप्प उभे राहायचे. "तळहात कामं करून निबर झालेला असतो," ते म्हणायचे. "ओल या बाजूला कळते."

न्युरेम्बर्गमधल्या आमच्या ऑफिसचे ते मालक. धाकटी भागीदार बिर्गिट, म्हणून हे माझ्यापुरते थोरले. मूळचे नॉर्वेचे. स्टुटगार्टला आर्किटेक्चर शिकायला आले, जर्मन मुलीशी लग्न केलं आणि इथलेच झाले. उभ्या आयुष्यात त्यांनी फक्त चर्चं बांधली. नवऱ्याच्या इंगोलश्टाटच्या नोकरीमागोमाग मी सांगलीहून आले आणि या ऑफिसात लागले, तेव्हा ते सत्तरी ओलांडून गेले होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, "आमच्या देशात राजा सोडून सगळ्यांना अरे-तुरे करतात. तूही मला तसंच बोल." जर्मनमधून मी तसं बोलायला शिकले, पण मनातलं अहो-जाहो काही सुटलं नाही.

त्यांचे वडील उत्तरेकडच्या एका खेड्यात चर्चची देखभाल करत. दोन-दोन महिने सूर्य न दिसणारं गाव. म्हणूनच असेल, थोरल्यांचं ड्रॉइंग सुरू व्हायचं ते गरम पाण्याच्या नळ्यांपासून. मनोरा सगळ्यात शेवटी. "कुडकुडणारा माणूस देवाचा विचार करत नाही, पायांचा करतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माझे सासरे आमच्याकडे राहायला आले होते, तेव्हा मी थोरल्यांना जेवायला बोलावलं. सासरे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. मी मधे बसून दोघांचं भाषांतर करत होते.

"किती चर्चं बांधली, विचार त्यांना."

"अकरा," थोरले म्हणाले.

"गळतात का?"

"अहो बाबा, असं कसं विचारू?" मी म्हटलं. पण त्यांनी आग्रह धरला, मग विचारलं.

थोरल्यांनी आमटीची वाटी खाली ठेवली. "दोन गळतात. एक माझ्या चुकीमुळे."

ते गेल्यावर सासरे सुपारी कातरायला बसले. मग म्हणाले, "चाळीस वर्षं नोकरी केली. स्वतःची चूक सांगणारा आर्किटेक्ट पहिल्यांदा पाहिला."

त्यानंतरच्या हिवाळ्यात चर्चच्या मंडळींकडून एक पत्र आलं. शहराच्या कडेला कामगारांच्या वसाहतीत थोरल्यांनी तरुणपणी एक चर्च बांधलं होतं. रविवारी आता तिथे दहा-बारा म्हातारी माणसं यायची. चर्च बंद करून तिथे किटा, म्हणजे पाळणाघर आणि बालवाडी, काढायचं ठरलं होतं. आपल्या इमारतीत असा मोठा बदल होत असेल तर मूळ आर्किटेक्टला इथे कायद्याने हरकत घेता येते. थोरल्यांनी हरकतीचं पत्र हाताने लिहिलं आणि टाइप करायला माझ्याकडे दिलं.

त्याच आठवड्यात माझ्या मुलीला सातव्या किटाने नकार कळवला होता. जागा नाही. मी नोकरी सोडायच्या बेतात होते. पत्र टाइप केलं, त्यांच्या टेबलावर ठेवलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हे पाठवू नये असं मला वाटतं."

"आल्झो, बरं. का?"

मी सांगितलं. सातही नकार सांगितले. थोरले कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही नाही चढवला. फक्त म्हणाले, "म्हणजे तुझ्या मुलीसाठी मी माझं चर्च द्यायचं?"

मी जागेवर जाऊन बसले. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कोट घालून माझ्या टेबलापाशी आले. "चल."

आम्ही ट्रामने त्या चर्चमध्ये गेलो. थोरले मधोमध फरशीवर बसले. गुडघे दुखत होते, तरी मांडी घातल्यासारखे बसले आणि वर पाहू लागले. खिडक्या सगळ्या उंचावर होत्या, छताखाली.

"इथून नुसतं आभाळ दिसतं," ते म्हणाले. "मोठ्या माणसांना तेवढं पुरतं. मुलांना झाड दिसायला हवं. कोण येतंय ते दिसायला हवं."

पूर्वेची भिंत कोरी होती. ती कोरी राहावी म्हणून ते वर्षभर लोकांशी भांडले होते, हे मला बिर्गिटने सांगितलं होतं. परत आल्यावर त्याच भिंतीच्या ड्रॉइंगवर त्यांनी जमिनीपासून हातभर उंचीवर चार खिडक्या काढल्या. एकाही रेघेला रबर लावलं नाही. हरकतीचं पत्र गेलं नाही. माझी नोकरीही सुटली नाही. "सकाळी मुलीला इकडेच आण," म्हणाले, आणि वर्षभर ती आमच्या ड्रॉइंगांच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर चित्रं काढत होती.

चर्चमधल्या शेवटच्या प्रार्थनेला त्यांनी मला बरोबर नेलं. क्रूस, बायबल आणि चषक हातात घेऊन लोक बाहेर आले आणि दाराला कुलूप लागलं. त्या चर्चमध्ये लग्न झालेली एक म्हातारी थोरल्यांजवळ येऊन म्हणाली, "तुम्ही देऊन टाकलंत."

"या," थोरले म्हणाले. जर्मनमधलं हो. त्यापुढे त्यांनी काही समजावलं नाही. तिने हात पुढे केला नाही, आणि तेही पुढे सरकले नाहीत.

किटा सुरू झाला तोवर माझी मुलगी शाळेत जायला लागली होती. पुढच्या वसंतात थोरले नॉर्वेला बहिणीकडे राहायला गेले, आणि दुसऱ्या हिवाळ्यात बहिणीचं चार ओळींचं पत्र आलं, थोरले वारल्याचं.

आता ऑफिस बिर्गिट आणि मी चालवतो. सध्या आमच्याकडे आणखी एका बंद पडलेल्या चर्चचं काम आहे. ते बांधणारे आर्किटेक्ट ऐंशीच्या पुढचे आहेत आणि त्यांनी हरकत घेतली आहे. त्यांना समजवायला कुणीतरी जायला हवं, असं बिर्गिट म्हणाली. मी जाते म्हटलं.

गुरुवारची वेळ ठरली आहे. सोबत ड्रॉइंग नेणार नाही. हे चर्च तुम्ही कसं बांधलंत, एवढंच विचारणार आहे, आणि ते सांगतील तितका वेळ ऐकणार आहे. थोरल्यांना मी सात नकार सांगितले होते. त्यांना हे विचारायचं मात्र राहूनच गेलं.