तांब्याभर पाणी

नानासाहेबांशी माझं सव्वीस वर्षं भांडण होतं, आणि ते पाण्यावरून होतं. ते आमच्या भागाला नळाचं पाणी सोडायचे. आठ दिवसांनी एकदा, खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून रमतगमत यायचे, रस्त्यातला व्हॉल्व्ह उघडायचे आणि बरोबर पाऊण तासानं बंद करायचे. एक मिनिट जास्त नाही. मी तणतणायचो, ते हसायचे. पण त्यांच्या कानाला तोड नव्हती. जमिनीला गज टेकवून कान लावला की पाइप कुठं फुटलाय ते सांगत. "पानी बोलतं मास्तर, तुमी आयकतच नाय," असं वर मलाच सुनवायचे.

निवृत्तीच्या आधीच रक्तदाबानं त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. लघवी जवळजवळ थांबली. मग आठवड्यातून तीनदा जालना रोडवरच्या दवाखान्यात डायलिसिस, आणि पाणी दिवसाला फक्त पाऊण लिटर, कारण प्यालेलं बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. मला फार वाईट वाटलं. भांडायलाही माणूस धडधाकट असावा लागतो.

मशीनला लावलं की चार तास ते डोळे मिटून पडायचे. तेव्हा कुठं जातात, हे त्यांनी मला एकदा सांगितलं. मोठ्या पाइपाच्या आतून, धारेच्या उलट चालत, बिडकीनवरून, आमचं पाणी जिथून येतं त्या पैठणच्या धरणापर्यंत. आत अंधार नसतो म्हणे, हिरवट उजेड असतो. पाणी गुडघ्याएवढं, गार. धरणाशी पोचून ओंजळ भरली की नेमकं मशीन वाजतं. "एकदा तरी तांब्याभर पानी गटागटा प्यायचंय," ते म्हणाले. मी विषय बदलला.

डायलिसिससाठी त्यांच्या डाव्या हातातली शीर धमनीला जोडली होती. तिथं रक्त इतक्या जोरात वाहतं की बोटाला थरथर लागते आणि कान लावला तर घूं असा आवाज येतो. तो थांबला तर एक तासही घालवायचा नाही, असं दवाखान्यातल्या नर्सनं, मेघानं, बजावलं होतं. नानासाहेब खूश होते. भरल्या लाइनीचा आवाज आता हातातच होता. तो ऐकायला त्यांनी बायकोला, कडूबाईंना, शिकवलं. रोज दुपारी ते झोपले की चहा टाकण्याआधी कडूबाई त्या हाताला कान लावायच्या.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी तिथंच होतो. नानासाहेब झोपेत गालातल्या गालात हसत होते. कडूबाईंनी कान लावला, जागा बदलून पुन्हा लावला.

"मास्तर, लाइन बंद हाय," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता.

फाइल घ्यायला त्यांनी कपाट उघडलं आणि क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग फाइलीबरोबर आणखी काहीतरी पिशवीत टाकलं, आणि नानासाहेबांना उठवून आम्ही रिक्षात बसलो.

हातात गुठळी झाली होती. वेळेत आणल्यामुळं ती काढता आली. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "रक्तदाब फार उतरला होता. या उन्हात पाणी किती पीत होतात?"

कडूबाईंनी पिशवीतून सहा बाटल्या काढून टेबलावर ओळीनं मांडल्या. औषधाच्या, गळ्यापर्यंत पाण्यानं भरलेल्या. "मी मोजून देते, आन हे चोरून साठवतेत."

नानासाहेबांनी मान खाली घातली. "आनखी दोन झाल्या का तांब्या भरला आसता. एकदम प्यायचं हुतं."

"शरीराला टाकी नसते," डॉक्टर म्हणाले. "आजचं आजच प्यायचं. एकदम प्यालात तर छातीत पाणी भरेल."

मी नानासाहेबांना हसू शकलो नाही. माझ्या घरात तेव्हा तीन ड्रम आणि अकरा हंडे भरलेले होते. आमच्या गावात पाणी पुरवायचं म्हणजे उद्यासाठी ठेवायचं, हे आमच्या हाडात मुरलंय.

घरी आल्यावर कडूबाईंनी सगळ्या बाटल्या तांब्यात रिकाम्या केल्या. नानासाहेबांच्या कानाशी तांब्या धरून त्या बारीक धारेनं पाणी बादलीत सोडू लागल्या. नानासाहेबांनी डोळे मिटले.

"पोचले का धरनावर?" कडूबाईंनी विचारलं.

"व्हय."

मग त्यांनी मोजलेला पेला हातात दिला आणि तो रिकामा होईपर्यंत समोरून हलल्या नाहीत. पेला खाली ठेवून त्यांनी हाताला कान लावला. "चालू हाय," म्हणाल्या, पण कान काढला नाही.