पप्पांची पट्टी

"मॅडम, सोमवारी अॅडमिशन कन्फर्म करायची हाय आन् पोरीचा आवाजच बसला," भाऊसाहेब दारातूनच म्हणाले. नांदगावला त्यांचं शेतीच्या अवजारांचं दुकान. मागे त्यांची ऋतुजा, तोंड पाडून.

मी नाशिकमध्ये व्हॉइस थेरपिस्ट आहे. बिघडलेला आवाज पुन्हा मार्गी लावायचा, हे माझं काम. ऋतुजाला संगीत नाटकाची डिग्री करायची होती. त्यात गाणं, बोलणं, नाचणं सगळं एकदम आणि रोज. ईएनटी डॉक्टरांच्या रिपोर्टमध्ये नोड्यूल लिहिलं होतं. कुदळ चालवून हाताला घट्टे पडतात, तसे हे स्वरतंतूंवर पडतात. सुरुवातच होती म्हणून बरं. असंच रेटलं असतं तर गाणं विसरावं लागलं असतं.

दोन कॉलेजांच्या ऑडिशन झाल्या होत्या. मोठ्या नावाच्या कॉलेजात टाळ्या पडल्या, जागेवर सिलेक्शन.

"आणि दुसरीकडे?"

तिचे डोळे भरले. "दोन ओळींत थांबवलं. सरांनी विचारलं, पट्टी कोणती? मी म्हटलं, काळी एक. म्हणाले, ही कोणाची? म्हटलं, पप्पांची."

पट्टी म्हणजे पेटीच्या ज्या सुरावर आपला 'सा' धरायचा ती. ऋतुजा लहानपणापासून वडिलांच्या भजनी मंडळात गायची. मंडळात सगळे पुरुष, पेटी त्यांच्या सोयीने लागायची. त्या पट्टीत वरचे सूर पोरगी ओरडून गाठायची आणि मंडळी खूश व्हायची.

"सरांनी पट्टी उतरवली. थोडं ऐकलं आणि म्हणाले, घसा दुखतोय तुझा, आज पुरे. बरी होऊन ये, जागा ठेवतो."

"म्हंजी रिजेक्टच की," भाऊसाहेब म्हणाले.

त्या न पाहिलेल्या सरांना मी मनातच हात जोडले. माझं निम्मं काम त्यांनी करून ठेवलं होतं.

"भाऊसाहेब, हेच कॉलेज घ्या."

"हातातली सीट सोडून? नुसत्या शब्दावर?"

ऋतुजाकडून नंबर घेऊन मी तिथूनच सरांना फोन लावला, स्पीकरवर. ते म्हणाले, "जागा आहे. पहिली टर्म तिला जोरात गाऊच देणार नाही. आधी तिचा स्वतःचा आवाज शोधू."

भाऊसाहेबांनी पोरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझ्याच पट्टीनं घोळ केला म्हना की."

"प्रेमानंच केलात," मी म्हटलं.

सोमवारी ते मोठ्या कॉलेजात गेले नाहीत. पुढे ऋतुजाने माझ्याकडे पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉने बुडबुडे काढत सूर लावायचा कंटाळवाणा व्यायाम नेटाने केला. घट्टे विरले. आता ती शेवटच्या वर्षाला आहे, आवाज स्वच्छ. कॉलेज निवडताना कुणी सल्ला विचारला की मी सांगते, कौतुक कुठे झालं ते राहू द्या, थांबवलं कुठे ते सांगा.

परवा भाऊसाहेब मुद्दाम भेटायला आले.

"मॅडम, पोरगी सुट्टीत आली का आता मंडळ तिच्या पट्टीत गातं. आमाला लय अवघड जातं. निम्म्यांचा आवाजच निघत नाय."

"मग?"

"मग काय, आमी टाळ वाजवतो. ती गाती."