लेस्टर: पार्किंगखालचा राजा आणि आमचा कुकर

लेस्टरला फिरायला कुणी जात नाही, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. लंडन करा, स्कॉटलंड करा, लेस्टरमध्ये काय आहे? तरीही आम्ही मे महिन्यात वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळावरून विमान पकडलं, कारण आम्ही फिरायला चाललोच नव्हतो. माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, कंपनीने तिथल्या ऑफिसात जागा देऊ केली होती. इथे व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नमध्ये ग्रीन कार्डच्या रांगेत आमचा नंबर कधी लागेल हे कुणीच सांगू शकत नाही, आणि आमची यशू चौदा वर्षांची आहे. एकवीसची झाली की तिला आमच्या व्हिसावर राहता येणार नाही. मिलिंदने तिला शब्द दिला होता: शहर बघ, नाही आवडलं तर नाही म्हण, आपण जाणार नाही.

तिने नाही म्हणावं अशी माझी इच्छा होती. हे मी घरात बोलले नाही. नागपूरहून इथे आल्यावर मला माणसं मिळाली ती रविवारच्या वंदनेत. कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये आम्ही सगळे जमतो, बुद्धवंदना होते आणि मग पंगत. भात कायम आमच्या मोठ्या, विजेवरच्या कुकरमधला. अमेरिकेतल्या पहिल्या आठवड्यात घेतलेला तो कुकर प्रत्येक ट्रिपला बॅगेत असतो, आणि त्यावरून मिलिंद प्रत्येक ट्रिपला चिडवतो.

आता कामाचं. भारतीय पासपोर्ट असेल तर इंग्लंडचा व्हिसा लागतो, ग्रीन कार्ड असलं तरी, म्हणून अर्ज लवकर करा. हीथ्रो विमानतळाहून ट्यूबची, म्हणजे लंडनच्या मेट्रोची, गडद निळी लाइन थेट सेंट पँक्रस स्टेशनला नेते आणि तिथून लेस्टर तासाभरावर आहे. ट्रेनचं तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. पौंडाचे डॉलर करत बसू नका आणि डॉलरचे रुपये तर मुळीच नका, घास उतरत नाही.

उतरलो ते बेलग्रेव्ह रोडजवळ, हंसामावशींच्या घरी. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या त्या भाड्याने देतात. हा रस्ता म्हणजे सोन्याची दुकानं, साड्या, फरसाण, पान. मी व्हर्जिनियाहून मेथीचे ठेपले, पोहे आणि लोणच्याची बाटली वाहून आणली होती. समोरच्या दुकानात तीच लोणच्याची बाटली बघून मिलिंद दुकानाबाहेर उभा राहून हसला.

दुसऱ्या दिवशी गावात गेलो. बसमध्ये बँकेचं कार्ड टेकवलं की काम होतं, सुटे लागत नाहीत. आधी रोमन लोकांच्या स्नानगृहाची भिंत पाहिली. दगड आणि विटांचे थर, दोन हजार वर्षांच्या आसपासचे, आणि शेजारून गाड्या जात असतात. मग राजा. पाचशे वर्षांपूर्वी लढाईत पडलेला इंग्लंडचा एक राजा इथे एका कार पार्किंगखाली सापडला. तो खड्डा आता काचेखाली ठेवलाय आणि त्यावर म्युझियम आहे. तिकीट जरा महाग आहे, पण घ्या. राजाला मात्र समोरच्या कॅथीड्रलमध्ये नीट पुरलंय.

"अ किंग अंडर अ पार्किंग लॉट," यशू म्हणाली. "दॅट्स सो रँडम."

"आवडलं का?" मिलिंदने विचारलं.

"इट्स ओके."

तीन दिवस आम्हाला हेच उत्तर मिळालं. गिल्डहॉल या जुन्या सभागृहाच्या करकरणाऱ्या लाकडी जमिनीवर इट्स ओके, चर्चच्या इमारतीत थाटलेल्या संगमरवरी जैन मंदिरात इट्स ओके. अंतराळ केंद्रात खरी रॉकेटं उभी आहेत, तिथे मात्र तिने फोन काढून फोटो घेतले. ते बघून मी लगेच म्हटलं, चला, उशीर होतोय.

तिसऱ्या दुपारी मिलिंद ऑफिस बघायला गेला. बाहेरचं खाऊन कंटाळा आला होता, म्हणून मी कुकर काढला, तांदूळ-डाळ धुतली, अडॅप्टर लावला आणि बटण दाबलं. फट्ट आवाज झाला, जळका वास सुटला आणि अख्ख्या घराची वीज गेली. खाली हंसामावशींची सीरियल बंद पडली, ते त्यांच्या ओरडण्यावरून कळलं.

अडॅप्टरने फक्त पिना बदलतात. व्होल्टेज इथे भारतासारखं, अमेरिकेच्या दुप्पट असतं. नागपुरात निम्मं आयुष्य काढून हे मी विसरले, आणि नवरा डेटा सेंटरच्या विजेचं काम बघतो, त्यामुळे पुढची काही वर्षं मला हे ऐकावं लागणार आहे.

मावशी वर आल्या, कुकर उचलून वास घेतला. "अमेरिकावाले हो ना? हर साल कोई एक जलाता है. चलो नीचे, खिचडी-कढी है."

त्यांच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही जेवलो. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, त्या युगांडाहून इथे आल्या, यशूच्याच वयाच्या होत्या. तिथून सगळ्या भारतीयांना हाकललं होतं. बापाचं दुकान गेलं, घरच्यांनी एकेक सूटकेस घेतली आणि थंडीत इथे उतरले.

यशूने चमचा खाली ठेवला. "डिड यू वाँट टू कम?"

"मेरे को किसी ने पूछा ही नहीं, बेटा," मावशी म्हणाल्या. "साल भर रोई मैं. फिर सहेलियां मिल गईं." मग कढी वाढत म्हणाल्या, "तेरे को पूछते हैं? अच्छे हैं तेरे मम्मी-पप्पा."

मला मावशींकडे बघवेना. आम्ही तिला विचारलं होतं खरं, पण तिच्या नकाराआड मला लपायचं होतं.

निघताना मावशींनी कुकर ठेवून घेतला. भाच्याकडून दुरुस्त होतो का बघते, म्हणाल्या.

परत आल्यावर आठवडा शाळा-ऑफिसात गेला, यशूचा निर्णय व्हायचाच होता. त्या रविवारी वंदना आमच्याकडे होती. भात मी मोठ्या पातेल्यात केला आणि तो खाली लागला. वाढताना माझी मैत्रीण वैशाली म्हणाली, "अगं, कुकर कुठंय तुझा?"

मी काही बोलायच्या आत यशू म्हणाली, "तो पुढे गेलाय, मावशी. लेस्टरला."

"म्हणजे? बिघडला का? ऑनलाइन मागव ना, दोन दिवसांत येतो."

"नको. आता तिकडचाच घेऊ." तिने माझ्याकडे पाहिलं. "हो ना, आई?"

मिलिंदच्या हातात ताकाचं भांडं तसंच राहिलं. मला भरून आलं, सगळ्यांसमोरच आलं, आणि मी हो म्हणाले. मग वैशालीने माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि पंगतीत भात तिने वाढला.